सकाळचा अबोला

मित्रांनो, शिंप्याच्या दुकानातली मी एक जुनी कातर आहे. तुमच्या घरी कागद कापायला जी कात्री असते, तिची मी थोरली बहीण. माझी पाती लांब आहेत, अंग जड आहे आणि मुठीला दोन कड्या आहेत. लहान कडी अंगठ्यासाठी, मोठी बाकीच्या बोटांसाठी. माझी दोन्ही पाती वेगवेगळी घडली. भट्टीत तापली, घणाखाली ठोकली गेली, पाण्यात चरचरली आणि मग एका स्क्रूने त्यांची कायमची गाठ पडली. तिथून मी या दुकानात आले आणि कटरबाईंच्या हाती लागले.

कटरबाई म्हणजे दुकानाच्या मालकांची धाकटी बहीण. मालकांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर गिऱ्हाइकांची मापे घेत, मशीनवर शिवत. कापायचे काम मात्र बहिणीचे. ती जन्मापासून बहिरी होती. तोंडाने बोलत नसे, हातांनी बोले, आणि भरपूर बोले. नवरा लवकर गेल्यावर ती लहानग्या लेकीला घेऊन भावाकडे आली आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत राहू लागली.

माझा कर्रकर्र आवाज तिने कधी ऐकला नाही, पण तो तिला तळहातात कळे. पाते जरा अडखळले की ती थांबे आणि घडी उलगडून पाही. चौकटीचे कापड असले तर खिशाची चौकट अंगाच्या चौकटीला अशी जुळे की खिसा शोधावा लागे. मास्तर गिऱ्हाइकांपुढे मिरवत, "आमच्याकडे कापड वाया जात नाही. पुसायला चिंधी मागाल तर तीसुद्धा मिळायची नाही!"

तिने मला टेबलावर ठेवले की मी ओळखे, आता गप्पा सुरू. तिचे काम आणि तिचे बोलणे एकाच हातांत होते. एका वेळी एकच व्हायचे.

तिची लेक हातांनी बोलायला आधी शिकली, तोंडाने नंतर. पुढे दोन्ही एकदम चालू लागले, म्हणून मामाने तिचे नाव ठेवले चिवचिव. आईनेही तिला आपल्या भाषेत नाव दिले होते. ओठांपाशी अंगठा आणि पहिले बोट चोचीसारखे उघडायचे, मिटायचे. झाले नाव. हे नाव घेताना बाईंचा चेहरा खुलत असे.

चिवचिव मोठी झाली. दूरच्या शहरात, फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्याची नोकरी तिला लागली. आईला ते रुचले नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी दोघी माझ्या टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून भांडल्या.

"इथं काय कमी आहे तुला?" बाईंचे हात विचारत होते.

"आई, मला माझं काहीतरी करून बघू दे ना!" लेकीचे हात म्हणत होते.

दुकानात सगळे चिडीचूप होते आणि भांडण मात्र टिपेला पोचले होते. शेवटी मास्तर मध्ये पडले. "अगं, जरा हळू बोला, लोक ऐकतील," असे म्हणाले आणि स्वतःच हसले. त्या दोघी काही हसल्या नाहीत. लेक दुसऱ्या दिवशी गेली.

त्यानंतरच्या थंडीत ते सुरू झाले. एका सकाळी बाईंचा अंगठा माझ्या लहान कडीत शिरेना. बोटांचे मधले सांधे फुगले होते आणि मला ते गरम लागत होते. जसे उजव्या हाताचे, तसेच डाव्याचे. मूठ वळत नव्हती. गिऱ्हाइकांची वर्दळ सुरू होईपर्यंत बोटे हळूहळू सुटली आणि दुपारी ती नेहमीसारखी कापू लागली. थंडीमुळे झाले असेल, असे तिला वाटले. पण दुसऱ्या सकाळी तेच, आणि थंडी सरली तरी तेच. बोटातली अंगठी तिने साबण लावून काढली. सकाळी चालताना ती पाऊल जपून टाकी, जणू फरशीवर खडे सांडले आहेत. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरी. पूर्वी कधी न दमणारी ती, जेवण झाले की कापडाच्या ताग्यावर डोके टेकू लागली.

मास्तरांना वाटले, दोष माझा आहे. ते मला धारवाल्याकडे घेऊन गेले. त्याने एक चिंधी कापून पाहिली आणि म्हणाला, "मास्तर, हिला काय धाड भरलीय? लोण्यातून चालल्यासारखी चालतेय की!" मास्तरांनी मला तेल घालून परत आणले. मग बहिणीला खुणेने विचारले, "हात दुखतात का?"

"झोपेत अवघडले," ती हातांनी म्हणाली.

"तेच म्हटलं. संधिवात म्हाताऱ्यांना होतो, तुझं वय काय!" त्यांनी मलम आणून दिले, औषधाच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्याही आणल्या. गोळी घेतली की दुखणे दबे. सूज मात्र तिथेच राही.

चिवचिवचे काम दुपारी सुरू होऊन रात्री उशिरा संपे, म्हणून ती सकाळीच फोनच्या पडद्यावर येई. मास्तर फोन ताग्याला टेकवून बहिणीसमोर ठेवत. पडद्यातली लेक दोन्ही हातांनी भरभरून बोले. खोलीतली मैत्रीण, जेवणाचा डबा, ओरडणारी गिऱ्हाइके, सगळे सांगे. बाई ऐकत, म्हणजे पाहत. त्यांचे हात मांडीवर पडलेले असत. फार तर एकदा मान हले.

एके दिवशी लेकीने मामाला पडद्यावर बोलावून घेतले. "मामा, आई माझ्याशी बोलत का नाही?"

"सकाळी ती हल्ली अशीच असते गं. दुपारी बघ, माझ्याशी भांडतेसुद्धा!" मास्तर आपले समजूत घालायला म्हणाले.

"म्हणजे अबोला फक्त माझ्याशी," चिवचिव म्हणाली. तिचे डोळे भरले. त्यानंतर तिचे फोन कमी झाले. ज्या दिवशी फोन येत नसे, त्या दिवशी बाई फोन पुसून ठेवत आणि माझ्याकडे वळत. माझ्या कडीत बोट अडकले की त्यांचा ओठ दाताखाली जाई.

बरेच महिने असे गेले. मग एका सकाळी दुकान नुकतेच उघडले होते आणि चिवचिव पिशवी खांद्यावर घेऊन थेट आत आली. तिने कुणाला कळवले नव्हते. आईसमोर उभी राहून ती हातांनी आणि तोंडाने एकदमच म्हणाली, "भांड माझ्याशी. शिव्या दे. पण बोल!"

बाईंनी मला खाली ठेवले. हात ओठांपाशी नेला. लेकीचे नाव घ्यायचे होते त्यांना. अंगठा आणि बोट जवळ आले, पण टेकले नाहीत. पुन्हा प्रयत्न केला. बोट मध्येच वाकून राहिले, चोच मिटेना. तेवढे एक नावही त्यांच्या हातून पुरे होईना.

चिवचिव पुढे झाली. तिने ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि दचकली. "मामा, हे हात तापलेत! बोटं बघा हिची! तुम्ही कुणी बघितली नाहीत?" मास्तर मशीनवरून उठले आणि जवळ येऊन त्या बोटांकडे पाहू लागले.

त्या दोघी त्याच दिवशी दवाखान्यात गेल्या. तिथले सगळे चिवचिवने संध्याकाळी मामाला सांगितले, तेव्हा मी टेबलावरच होते. डॉक्टरबाईंनी आधी विचारले, सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात? तासाभराहून जास्त, असे कळल्यावर त्यांनी बोटांच्या मुळाशी हात हलकेच दाबून पाहिला, रक्त तपासले, हातांचे एक्स-रे काढले. हा संधिवातच, पण म्हातारपणाचा नव्हे, त्या म्हणाल्या. यात शरीराचे रक्षण करणारी शक्तीच चुकून सांध्यांवर उलटते. कोणत्याही वयात होतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत औषध मिळाले तर सांधे बरेचसे वाचवता येतात. आता आजार आवरता येईल. पण जी बोटे वाकली, ती सरळ होणार नाहीत.

"आणि हे शेवटचं वाक्य आईला खुणांनी मलाच सांगावं लागणार होतं मामा," चिवचिव म्हणाली. "माझे हात उचलेनात. तिनंच खूण केली, पूर्ण सांग."

मग ती आईकडे वळली. "दुपारी तर हात चालायचे ना तुझे? मग मला का नाही कळवलंस?"

बाईंचे हात त्या वेळी मोकळे होते. त्या सावकाश म्हणाल्या, "दुपारी वाटायचं, गेलं. सकाळी कळायचं, नाही गेलं. आणि सकाळी सांगायला माझ्याकडे हातच नसायचे."

लेक आईच्या मांडीवर डोके ठेवून किती तरी वेळ रडली.

आता औषधे चालू आहेत. सूज उतरली, दुखणे बरेच कमी झाले. पण माझ्या कडीत त्यांचा अंगठा पुन्हा गेला नाही. मास्तरांनी कापायला दुसरा माणूस ठेवला, त्याची कातर त्याने स्वतःची आणली. बाई तयार कपडे तपासतात, बटणे मोजून देतात. त्यांच्यासारख्याच न ऐकणाऱ्या मैत्रिणी भेटायला येतात, तेव्हा अधूनमधून "पुन्हा सांग" अशी खूण करतात. बाई पुन्हा सांगतात. तिसऱ्यांदा विचारले तर हसून हात खाली ठेवतात. काही शब्द त्यांनी सोडूनच दिले आहेत. चिवचिवने आता सकाळची पाळी घेतली आहे आणि जेवणाच्या सुट्टीत, दुपारी फोन करते. आईचे अर्धे शब्द ती पुरे करून घेते. सगळेच तिलाही कळतात असे नाही.

मी खिडकीशेजारच्या खिळ्याला आहे. गंज चढू लागला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला पुन्हा धार लावता येते, माझा स्क्रू बदलता येतो. माणसाच्या सांध्याचे तसे नसते.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापाशी एक मागणे आहे. घरातले कुणी सकाळी डब्याचे झाकण उघडायला दुसऱ्याला हाक मारू लागले, गुंड्या लावताना खोळंबू लागले, उठल्यावर भिंत धरून चालू लागले, तर दुपारी ते बरे दिसतात म्हणून गप्प बसू नका. कुणी सकाळी रागावल्यासारखे, मुके झालेले वाटले, तर लगेच रुसून जाऊ नका. जवळ जा, त्यांचे हात हातात घेऊन बघा. सुजलेले, गरम लागले, तर त्याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. ते नको म्हणतील. तरी न्या.