हाकेच्या अंतरापलीकडचं घर

घड्याळजी आणि त्याची ग्रंथपाल बायको कधी भांडत नाहीत, याचं सगळ्या इमारतीला कौतुक होतं. खरं कारण वेगळंच होतं. त्यांच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ फार तिखट कानाचे. वर जरा खुट्ट झालं की ते काठीने छत ठोकत. घड्याळजी शिंकसुद्धा उशीत तोंड खुपसून देई.

खरी अडचण आत्याची होती. घड्याळजीची आत्या त्यांच्याकडेच राहायची आणि तिला ऐकू कमी यायचं. मोठ्याने बोलावं तर खालून ठकठक, म्हणून दोघं तिच्याशी खुणांनीच बोलत. आत्या प्रत्येक खुणेला मान डोलवायची. इतकी समजूतदार बाई शोधून सापडायची नाही, असं दोघांचं ठाम मत होतं.

शेवटी काठीला कंटाळून ते आत्याला घेऊन घर शोधायला निघाले. गावाच्या कडेला एक जुनं, ऐसपैस घर विकाऊ होतं. खोल्या एवढ्या मोठ्या की पलंग आत नेल्यावर शोधावा लागेल, आणि मागचं आवार तर असं लांबलचक की शेवटची भिंत झाडांआड गेलेली. मालकीणबाई पोहायला शिकवून निवृत्त झालेल्या. नवऱ्याचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना लेकीशेजारी लहान घरात जायचं होतं. त्यांनी सगळं घर फिरवून दाखवलं, गळका नळही लपवला नाही, आणि मग एक अट घातली. मागच्या पायरीवरून मारलेली हाक शेवटच्या भिंतीपर्यंत पोचली पाहिजे. आधी आलेली दोन कुटुंबं त्यांनी याच कारणासाठी परत पाठवली होती.

"इथे जेवायला हाक मारता आली नाही, तर माणसं उपाशी राहतात," त्या म्हणाल्या. "आमचे हे पहिल्या वर्षी निम्मे झाले होते."

'हे' त्या वेळी भिंतीपाशी वाफे खणत होते. घड्याळजी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला. बायको पायरीवर आली, तिने घसा साफ केला आणि वाचनालयातल्या सवयीने म्हणाली, "अहो." पायरीवरची चिमणीसुद्धा हलली नाही. दुसऱ्या खेपेला चिमणीने नुसतं वर पाहिलं. मालकीणबाईंनी किल्ल्या परत खिशात टाकल्या.

तेवढ्यात झाडामागून त्यांचा एडका बाहेर आला. घड्याळजी नेमका त्याच्याकडे पाठ करून, वाकून बुटाची नाडी बांधत होता. अशी संधी कुठलाच एडका सोडत नाही. त्याने शिंगं खाली घातली.

"अहो, मागे बघा!"

इतकी वर्षं साठलेला आवाज एकदम सुटला. झाडावरची पाखरं उडाली, एडकासुद्धा जागीच थबकला. घड्याळजी मात्र मालकांना विचारू लागला, कोण हो ही बाई ओरडतेय? स्वतःच्या बायकोचा खरा आवाज त्याने आज पहिल्यांदाच ऐकला होता. तो मागे वळेपर्यंत एडका सावरला, आणि घड्याळजी वाफ्यात आडवा झाला.

व्हरांड्यात खुर्चीवर बसलेली आत्या म्हणाली, "हळू बोल गं. मी काही बहिरी नाही."

मालकीणबाईंनी घर त्यांनाच द्यायचं तिथल्या तिथे ठरवलं. रीतसर कागद झाले. लेकीशेजारच्या घरात एडक्याला जागा नव्हती, तेव्हा तोही घराबरोबर आला.

नव्या घरात दोघं आत्याशी पोटभर ओरडून बोलू लागले. आत्याला सगळं ऐकू येऊ लागलं आणि तिला त्यातलं काहीच पटेना. पडदे हे नकोत, कपाट तिथे नको, मोठी खोली मलाच हवी. मग इतकी वर्षं मान कशाला डोलवत होतीस, असं घड्याळजीने विचारलं, तर मानेचा तो व्यायाम डॉक्टरांनी सांगितलाय म्हणाली.

"आणि या घरातली माणसं कधी परत येणार?" तिने विचारलं. "किती दिवस त्यांच्याकडे असं पाहुणे म्हणून राहायचं?"

कपाटावरून पहिलं भांडण पेटलं. घड्याळजी बायकोच्या बाजूने ओरडला, तर बायको आत्याच्या बाजूने. मग आत्या दोघांच्याही विरुद्ध गेली. संध्याकाळपर्यंत कपाट तीन खोल्या हिंडून पुन्हा पहिल्या जागी आलं. तिघं घामाघूम होऊन पायरीवर चहा पीत बसली. सगळ्यांचे घसे बसले होते, पण इतकं मोकळं कुणाला कधीच वाटलं नव्हतं.

चहा संपला. बायकोने कप खाली ठेवला आणि आपणहून विषय काढला, "बरं, पलंगाचं काय करायचं?"

घड्याळजीने बाह्या सरसावल्या.