फळ्यावरील क्रमांक एकशे सतरा

सुज्ञ वाचकहो, माझ्या अतिउत्साहामुळे एका निरपराध मुलीचे ठरलेले लग्न कसे मोडले, ती हकीकत मी येथे काहीही न लपविता निवेदन करणार आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असून, बिद्रीच्या बाजूस असलेल्या आमच्या गावी मी दूध संस्थेचा सचिव आहे.

आमच्या भावकीत काही घरांतील मुलग्यांचे स्नायू लहानपणापासून झिजत जातात. हंबीररावांचा आदर्श असाच अठराव्या वर्षी गेला. अखेरची वर्षे त्याची थोरली बहीण निशिगंधा त्यास उचलून उन्हात बसवीत असे. गेल्या साली या विकाराच्या संशोधनाकरिता पूर्णिमा नावाच्या डॉक्टरीणबाई शहरातून आल्या. छोट्या नळीत लाळ द्यायची, तीवरून पिढीजात दोष कोठे आहे ते कळेल, असे त्यांनी संस्थेच्या सभेत समजाविले. कोणी जागचे हलेना.

"आमची थुकी न्हेऊन करणार काय बाई?" संस्थेच्या एक जुन्या सभासद शालूबाई म्हणाल्या. "करणी करायला हितं माणसं कमी हायत व्हय?"

सगळे हसले. तेव्हा निशिगंधा उठली.

"आदर्शला काय झालतं, त्ये कुणाला तरी कळू दे की. आना हिकडं नळी!"

तिच्या मागोमाग बेचाळीस सभासदांनी नमुने दिले. नळीवर नाव न घालता केवळ क्रमांक घालावा, म्हणजे गुप्तता राहील, असे बाईंनी बजावले व ते काम विश्वासाने मजवर सोपविले. नवा क्रमांक लोक विसरतील, असा विचार करून मी प्रत्येकास त्याचा दूध खात्याचाच क्रमांक दिला. निशिगंधाच्या दोन म्हशींचे खाते तिच्या स्वतःच्या नावावर होते. क्रमांक एकशे सतरा; रोज रांगेत पुकारला जाई, म्हणून सर्वांस पाठ.

चार महिन्यांनी निकालाचा तक्ता आला. तो सर्वांस दिसेल असा लावावा, ज्याने त्याने आपला क्रमांक पाहून फोन करावा, असे पत्रात होते. मी तो संस्थेच्या फळ्यावर, दुधाच्या फॅटच्या दरपत्रकाशेजारी अभिमानाने लावला.

सकाळच्या दुधाच्या रांगेत शालूबाई मोठ्याने वाचू लागल्या.

"एकशे सतरा, वाहक. अगं, ही तर आपली निशिगंधा की! वाहक म्हंजी काय वं सेक्रेटरी?"

मी पत्र पाहून खुलासा केला. "तिला स्वतःस आजार नाही. परंतु तिच्या पोटी येणाऱ्या मुलग्यास तो होऊ शकतो."

सगळ्या माना वळल्या. निशिगंधा तेथेच उभी होती.

"माझं दूध घ्या आदी," ती म्हणाली. "मागं मानसं खोळंबल्यात."

शालूबाईंचा कबनूरचा भाचा यशराज याच्याशीच तिचा साखरपुडा झालेला होता. दुसऱ्याच दिवशी त्याचे वडील हंबीररावांच्या घरी आले आणि मलाही तेथे बोलावणे आले.

"पोरगी लाखात एक हाय वं पावणं. पर आमाला धडधाकट नातू पायजे."

"दोन म्हशींचं सगळं एकटी वडतीया!" हंबीरराव ओरडले. "काय झालंय तिला?"

"मग कागदावरचं खोटं हाय म्हना."

हंबीरराव माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. "गणपतराव, तुमीच सांगा. म्हना की खोटं हाय!"

मला एक शब्द खोटा बोलता आला असता. परंतु छापील व शिक्क्याचा कागद मी आयुष्यात कधी खोटा म्हटलेला नाही. मी म्हणालो, "कागद खरा आहे."

पाहुणे चहा न घेता गेले.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. "अहो, त्यात कुणाचं नावच नाही!" त्या म्हणाल्या. ते क्रमांक दूध खात्याचेच आहेत, असे मी सांगितले, तेव्हा "तक्ता आधी उतरवा," एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला. पुढील आठवड्यात त्या क्षमा मागण्यास आल्या. आणखी नमुन्यांची गरज होती, परंतु गावातील दुसरा एकही माणूस फिरकला नाही. एकटी निशिगंधा आली.

"पोरी, मी तुझा क्रमांक बदलून देतो," मी म्हणालो.

"क्रमांक बदलून काय करू तात्या? गाव त्योच हाय न्हवं?" तिने नळी भरून माझ्यापुढे धरली. "ह्या बारीला आकडा नगं. माझं नाव घाला. पुरतं घाला."

मी नळीवर 'निशिगंधा हंबीरराव खोराटे' असे लिहिले. माझे अक्षर चांगले आहे असे लोक म्हणतात. त्या दिवशी ते वाकडे आले.

येथवर ज्यांनी वाचले, त्यांचा मी ऋणी आहे. मला क्षमा करावी किंवा करू नये, हे मी त्यांच्यावर सोपवितो.

गणपतराव खोराटे, सचिव