शिरस्त्राणातली माया

आत्याने वेशभूषा स्पर्धेत स्वतःचं नाव दिलं आणि घरातल्या सगळ्यांना एकदम तिचं वय आठवलं.

वय बावन्न. लग्न जमलं नाही असं लोक म्हणत. ती म्हणे, दोन्हीकडच्या माणसांचं भलंच झालं. धाकट्या भावाच्या घरात, पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन. शहरातल्या निम्म्या नाटकांचे राजे, पऱ्या आणि राक्षस तिच्या हातून शिवून गेलेले. ते मंचावर मिरवायचे आणि ही पडद्यामागे तोंडात टाचण्या धरून उभी. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला बोलता येत नाही, आणि ते सगळ्यांच्याच सोयीचं होतं. यंदा मात्र तिने ठरवलं होतं, योद्ध्याचं चिलखत करायचं, शिरस्त्राण करायचं आणि ते घालून मंचावर जायचं ते आपण.

चिलखत झटक्यात झालं. शिरस्त्राण म्हणजे वेगळंच प्रकरण. कापड ऐकतं, फोम रुसतो. आधी डोक्याचं माप हवं, म्हणून भावजयीने तिच्या डोक्याला स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक गुंडाळलं आणि वरून चिकटपट्टी. नणदेचं डोकं आयतं हाती सापडलेलं, तिने एक फेरा तोंडावरूनही मारला. "हात घसरला हो वन्सं," म्हणाली. आत्या आतून काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही, हे बरं झालं.

मग त्या टोपावर पेनाने रेघा ओढून, कात्रीने सोडवून, त्याच्या पाकळ्या जमिनीवर पसरल्या. त्या मापाने व्यायामाची जुनी फोमची चटई कापली, कडांना सोल्यूशन लावलं, जरा सुकू दिलं आणि कडेला कड भिडवली. ड्रायरने गरम करून गोलाई आणली. पुढे डोळ्यांपुरत्या फटी ठेवून झडप बसवली, वरून चंदेरी रंग. टेबलावर ठेवलं तेव्हा भाऊसुद्धा हातातला पेपर विसरून बघत राहिला.

आत्याने ते घातलं आणि ते सरळ नाकावर आलं.

तिच्याच हाताने घात केला होता. कपडा शिवताना जोडाच्या आत जादा पट्टी सोडतात, पुढेमागे अंग भरलं तर उसवून वाढवायला. तिला माया म्हणतात. फोमला कसली माया, तो कडेला कड लावून चिकटतो, आत दुमडायचं काही नसतंच. पण जन्माची सवय. हाताने तिला न विचारता प्रत्येक पाकळीला माया सोडली, आणि सगळी मिळून भलतंच मोठं डोकं तयार झालं.

पुतण्याने गंमत म्हणून घालून पाहिलं. त्याचं डोकं घराण्याचं, भोपळ्याएवढं. असं चपखल बसलं की विचारू नका.

"बघ, दैवानेच ठरवलं," भाऊ म्हणाला. "ताई, याला जाऊ दे. उंचापुरा आहे, शोभेल. तू या वयात तिथे उभी राहिलीस तर लोक हसतील. शिवणारी म्हणून तुझं नाव पुकारतीलच की."

पुतण्या आरशात वळून वळून स्वतःला बघत होता. तो काही वाईट नव्हता. त्याला आजवर प्रत्येक गोष्ट मापाची मिळाली होती, इतकंच.

आत्याला राग आला, आणि खरं सांगायचं तर रडूही आलं. क्षणभर वाटलं, द्यावं, आपलंच लेकरू आहे. हीच तर खोड. याच्या शाळेच्या गणवेशापासून तिने माया सोडली आणि हा वाढत गेला. भावाच्या संसारातही सोडली, आणि तो संसार वाढत वाढत तिच्या मशीनला येऊन टेकला.

"काढ ते," ती म्हणाली.

तिने कटर घेतला आणि एकेक जोड उसवायला सुरुवात केली.

"अगं, अगं, नीट बसतंय ते का बिघडवतेस?" भाऊ म्हणाला.

"ज्याला बसायला हवं त्याला बसत नाही."

पाकळ्यांच्या कडेकडेने बोटभर पट्टी उतरत गेली आणि तिच्या पायाशी पडत गेली. पुन्हा सोल्यूशन लावलं. भावजय न सांगता आतून ड्रायर घेऊन आली आणि शिरस्त्राण आत्याच्या डोक्यावरच शेकून गोलाई देऊ लागली. "मान सरळ ठेवा वन्सं," एवढंच म्हणाली, आणि या वेळी हात घसरू दिला नाही.

पुतण्याने पुन्हा घालून पाहिलं, तर ते कानांच्या वरच अडकलं. आत्याने घातलं आणि बसलं. मान झटकली तरी जागचं हललं नाही.

भाऊ हरला, पण पडला तरी नाक वर. "बरं बाई, जा. पण झडप खाली असू दे. आत कोण आहे ते लोकांना कळायला नको."

आत्याने शिरस्त्राण उतरवलं, झडपेचे दोन्ही स्क्रू काढले आणि झडप भावाच्या हातात दिली.

"ही तू लाव," ती म्हणाली. "लाज तुला वाटतेय."

चिलखत आणि शिरस्त्राण चढवून ती भर दुपारी रस्त्याने चालत निघाली. गाडीने सोडतो म्हणाले, नको म्हणाली. खिडक्या उघडल्या, कुणी हसलं, कुणी मोबाईल काढला. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याने नेहमीच्या सवयीने विचारलं, "ताई, कुणाची ऑर्डर?"

"माझी," ती म्हणाली, आणि त्याला चेहरा नीट दिसेपर्यंत तिथेच उभी राहिली.