ठेक्याच्या मागे

"तुमचं जॅझबिझ असेल ताई, पण इथं चाल बदलायची नाय," गंगाराम म्हणाले. "आणि ठेक्यात गायचं. वेणूबाईंचं गाणं आहे ते."

बोनकोड्याच्या बुद्धविहारात जयंतीचा कार्यक्रम सुरू व्हायला वीस मिनिटं होती. गंगाराम विहार समितीचे अध्यक्ष. त्यांना गाण्यातलं काय कळतं, हे समितीत कुणी विचारत नसे, कारण माइक त्यांच्या घरी असे.

"नाही बदलणार," अरुणा म्हणाली. हे ती मनापासून म्हणाली. आपण चाल बदलतो असं तिला कधीच वाटलं नव्हतं.

अरुणा त्रेपन्न वर्षांची. दिवसा पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर्सची कारकून, आणि आठवड्यातून चार संध्याकाळी वाशीच्या एका हॉटेलात सोल आणि जॅझ गाणारी. सव्वीस वर्षं. गाणी शिकली ती हॉटेलातल्या पियानोवाल्याच्या कॅसेटींवरून. इंग्रजी शब्द तिनं देवनागरीत, स्टोअर्सच्या रद्द झालेल्या रजिस्टरात उतरवून घेतले होते. एका बाजूला नटबोल्ट, दुसऱ्या बाजूला विरह. ती खालच्या सुरात उतरली की लोकांचे काटेचमचे थांबत. फुकट मिळालेला पनीर टिक्का खाणाऱ्या माणसाचा काटा थांबवणं म्हणजे काय, हे त्या धंद्यातल्यांनाच कळेल.

मॅनेजरनं बोर्डावर तिचं नाव 'रूनी' असं लिहिलं होतं. पाहुणे विचारत, "गोव्याच्या का तुम्ही?" पहिली काही वर्षं ती "जालन्याची" म्हणायची. लोकांना तो विनोद वाटायचा. मग ती "हो" म्हणू लागली.

घरी बोनकोड्यात मात्र 'हॉटेलात गाते' एवढंच पुरेसं होतं. बाकीचं लोक आपापल्या मनानं जोडत. जयंतीला तिला कुणी गायला बोलावलं नाही. त्याची गरजही नव्हती, कारण तिची आई, वेणूबाई, दरवर्षी स्वतः रचलेलं गाणं गायची. 'पाटी घेतली हाती, बाई, गिरवलं माझं नाव.' टाळीवर टाळी, आणि 'नाव' हा शब्द बरोबर ठेक्यावर, खिळा ठोकल्यासारखा.

वेणूबाई हॉटेलात एकदाच आल्या होत्या. इरकली नेसून पुढच्या टेबलाशी बसल्या आणि लेकीच्या पहिल्याच गाण्याला खणखणीत टाळ्या धरल्या. ड्रमवाला बिचारा त्यांच्याबरोबर जाऊ की अरुणाबरोबर, या पेचात पडला. परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "आवाज चांगलाय तुजा. पन कामून गं सारखी मागं राहतीस? बाजा म्होरं निघून जातो अन् तू मागून येतीस."

"तसंच असतं ते, आई. थोडं थांबून यायचं असतं."

"कुनासाठी थांबायचं?"

वेणूबाई पुन्हा हॉटेलात गेल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गेल्या जयंतीला समितीनं त्यांचं जुनं रेकॉर्डिंग गंगारामांच्या मोबाइलवरून लावलं. दुसऱ्या कडव्यात गंगारामांच्या जावयाचा फोन आला. लोक हसले. वेणूबाई हसल्या नाहीत. स्वतःचा आवाज त्या डबीतून येताना ऐकून त्या उठून जायला बघत होत्या, आणि त्यांना उठता येत नव्हतं.

म्हणून यंदा अरुणानं स्वतः समितीकडे जाऊन ते गाणं गायला मागितलं होतं. आईनं उठायला बघू नये, एवढंच तिला हवं होतं.

"आता आपल्यासमोर येत आहेत," गंगाराम माइकवर म्हणाले आणि कागदाकडे बघून अडले, "हॉटेल... आपल्या वेणूबाईंच्या कन्या."

ढोलकीवर अंकुश होता. वेणूबाईंना वीस वर्षं साथ केलेला. त्यानं ठेका धरला. अरुणानं ऐकला, आणि जाऊ दिला. मग मागून, सावकाश आली. "पाटी... घेतली हाती..."

अंकुशनं तिच्यासाठी ठेका ओढून बघितला, मग पळवून बघितला. "ताई, सम गेली," तो कुजबुजला.

"जाऊ दे रे. तू वाजव. मी येते."

गंगाराम माइकची वायर कुठं आहे ते बघू लागले. पुढच्या खुर्चीत वेणूबाईंचा डावा हात मांडीवर पडायला लागला होता. थाप, थाप, बरोबर ढोलकीसोबत, अरुणाच्या पुढे. अरुणानं ते पाहिलं. पुढचा शब्द जरा लवकर घेतला असता तर ती आईच्या हाताला गाठू शकली असती. तिनं घेतला नाही.

"बाई... गिरवलं... माझं..."

इथं ती थांबली. ढोलकीची थाप पडली. वेणूबाईंचा हात वर गेला होता, तो खाली आला नाही. दुसरी थाप पडली. हात तसाच हवेत. वेणूबाई लेकीच्या तोंडाकडे बघत होत्या, शाळेतल्या बाई शब्द सांगतील म्हणून पोरीनं वाट बघावी तशा.

अरुणानं श्वास घेतला.

"नाव."

हात मांडीवर पडला.

पुढच्या ओळीला अरुणा पुन्हा मागं राहिली. हात वर जाऊन थांबला.