तारणबाबाचं पांढरं कापड

"हात बुडव, बेटा! घाबरू नको! पाप लपत नसतं, पाप रंग दाखवतं!"

त्या शुक्रवारी वडफळीच्या बाजारात ना मिरचीला गिऱ्हाईक होतं, ना बैलाला. सगळा बाजार चिंचेखाली लोटला होता. गडी खांद्यावर पोरं घेऊन उभे होते, बाया टाचा उंचावत होत्या, मागचे पुढच्यांना ढकलत होते. दारव्ह्याहून आलेली मोटार रिकामी होऊन उभी राहिली, तर ड्रायव्हरही खाली उतरून गर्दीत घुसला.

मधोमध एक लांब पांढरा झगा, छातीवर हातभर लाकडी क्रूस आणि पोटापर्यंत दाढी. हे तारणबाबा. कुठल्या चर्चचे, कोणी नेमलेले, हे कोणी विचारलं नव्हतं. "मी थेट प्रभूचा नोकर, मध्ये कोणी दलाल नाही," असं ते स्वतःच सांगत आणि स्वतःच मान डोलवत. त्यांच्यापुढे दोन घंगाळं होती. पहिल्यात 'पश्चात्तापाचं पाणी', दुसऱ्यात, येशूचा बाप्तिस्मा झाला त्या 'यार्देन नदीचं पाणी'. बाजूला पांढऱ्या कापडाच्या तुकड्यांची चळत.

माणसानं पहिल्या पाण्यात हात बुडवायचा आणि कापडावर दाबायचा. कोऱ्या कापडावर पाच बोटांचा गुलालासारखा पंजा उमटायचा. गर्दीतून "अरे बाप्पा!" असा आवाज उठायचा. मग माणसानं बाबांच्या कानात आपलं पाप सांगायचं, बाबांनी यार्देनचं पाणी त्या पंजावर शिंपडायचं आणि बघता बघता पंजा नाहीसा! कापड पुन्हा पांढरं.

"गेलं! प्रभूनं धुतलं! आता मागे वळून बघायचं नाही, कोणाचं देणं नाही, कोणाची माफी नाही. पाप खतम, हिसाब खतम! मात्र चांदीत पाप साचतं बरं का, माय. चांदी इथं ठेव, हलकी होऊन जा."

तांड्यावरच्या बंजारा बाया अंगावरची चांदी उतरवून थाळीत ठेवत होत्या.

मी त्या गावच्या शाळेचा हेडमास्तर. साल १९६२. देवाधर्माच्या बाबतीत मी कोरडाच, त्यामुळे हा खेळ मी हसत बघत होतो. माझं हसू थांबलं ते विठ्ठलराव पुढे आले तेव्हा.

विठ्ठलराव म्हणजे साठ एकर काळ्या जमिनीचा धनी. शब्दाला वजन असलेला माणूस. पण गेली दोन वर्षं मी त्यांना एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं. माझ्याकडे यायचे, खुर्चीवर टेकायचे, लगेच उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. जेवण कमी, बिडी जास्त. इंदुताई, त्यांची बायको, मला म्हणाली होती, "मास्तर, यायले काय झालं कोनास ठाऊक. रात्रभर आंगनात फिरत राह्यतेत."

विठ्ठलरावांनी हात बुडवला. पंजा उमटला. ते बाबांच्या कानाशी वाकले आणि बराच वेळ बोलले. बाबांच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकलं. मग पाणी शिंपडलं गेलं, कापड पांढरं झालं आणि तो भरभक्कम माणूस सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले आणि खुर्चीवर चक्क बसून राहिले. गळ्यात ते कापड बांधलेलं. "मास्तर, मी मोकळा झालो. रात्री झोपलो. दोन वर्सानं झोपलो!"

"कशातून मोकळे झालात?"

"ते नका विचारू. धुतल्या गेलं न आता."

मी हजेरीपट उघडला. झोपलेल्या माणसाला कशाला उठवा?

हेच मी सत्यभामाबाईंना बोलून दाखवलं. सत्यभामाबाई मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स. दर बाजाराच्या दिवशी त्या सायकलवर पेटी बांधून यायच्या आणि शाळेच्या ओसरीवर जखमा धुवायच्या, लहान पोरांना देवी टोचायच्या. जन्मानं ख्रिस्ती, आणि नुसत्या नावाच्या नव्हेत.

पुढच्या शुक्रवारी त्या मजुरी करणाऱ्या रामीबाईच्या हाताला पट्टी बांधत होत्या. रामीबाईचे तळवे कापूस वेचून चिरले होते.

"बाई, बाबाच्या पयल्या पान्यानं तं हात साबनावानी बुळबुळीत झाले," रामीबाई म्हणाली. "अन् दुसरं पानी चिरीत गेलं, तं अशी आग झाली का मी वरडलोच. बाबा म्हने, पाप जयून राह्यलं."

सत्यभामाबाईंचा हात थांबला. "वास कसला होता त्या पाण्याला?"

"निंबावानी."

त्या उठल्या. मी म्हणालो, "जाऊ द्या हो. लोक येतात, रडतात, हलके होऊन जातात. कोणाचं काय बिघडलं?"

"तुम्हाला हसू येतं, मास्तर. मला राग येतो." त्यांनी पेटी बंद केली. "क्षमा म्हणजे काय, हे मी लहानपणापासून गुडघे टेकून शिकतेय. मन वळलं पाहिजे, वाट वळली पाहिजे. आणि हा म्हणतो, कोणाची माफी मागू नका! ज्याच्या नावानं मी जखमा धुते, त्याच्या नावानं हा माणूस डोळ्यांत धूळ फेकतोय. तुम्ही येता की मी एकटी जाऊ?"

मी गेलो. खरं सांगायचं तर थोडा शरमूनच गेलो.

चिंचेखाली गर्दी मागच्यापेक्षा दुप्पट. विठ्ठलराव बाबांच्या उजव्या हाताला काठी घेऊन उभे, जणू त्यांचे चोपदारच. सत्यभामाबाई सरळ पुढे गेल्या आणि घंगाळाशेजारची लाकडी पळी उचलली.

"बाबा, एक शंका आहे. हिला तपासता का?"

"पळीला?" बाबा हसले. "बहन, पाप माणूस करतो."

"म्हणूनच विचारते." त्यांनी पळी पहिल्या पाण्यात बुडवली आणि चळतीतल्या वरच्या कोऱ्या कापडावर दाबली. पळीचा वाटोळा ठसा उमटला. लाल, गुलालासारखा.

लोक पुढे सरकले. मग मागून कोणीतरी म्हणालं, "पळीनं काय पाप केलं बाप्पा?"

"कढी सांडली असन!" दुसरा बोलला आणि हशा पिकला.

बाबा डगमगले नाहीत. "झाड कापून बनलीय पळी! झाडाची हत्या लागली तिला!"

"बरं," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांनी सोबत आणलेलं लिंबू काढलं, आपल्या वाटीतल्या साध्या पाण्यात पिळलं आणि त्या ठशावर शिंपडलं. ठसा विरघळून गेला. "ही वाटी माझी, लिंबू बाजारातलं, पाणी आपल्या विहिरीचं. यार्देनचा थेंब नाही यात. पळीला क्षमा मी दिली का?"

आता कोणी हसलं नाही.

"ऐका," त्या लोकांकडे वळल्या. "आमच्या दवाखान्यात पोटातलं आम्ल मोजायला एक औषध वापरतात. फिनॉल्फ्थॅलीन म्हणतात त्याला. स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाला लावा, वाळवा, काहीच दिसत नाही. त्याला धुण्याचा सोडा लागला की ते लाल होतं. लिंबाचा आंबटपणा लागला की रंग जातो. पहिल्या घंगाळात सोडा आहे, म्हणून तुमचे हात बुळबुळले. दुसऱ्यात लिंबू, म्हणून रामीबाईच्या चिरा जळल्या. एवढंच."

"विठ्ठलराव!" बाबा ओरडले. "या नास्तिक बाईला हाकल! बघतोस काय?"

विठ्ठलराव काठी उगारून दोन पावलं पुढे आले. मी मध्ये उभा राहिलो. बाबा त्यांच्या मागे येऊन हळूच, पण आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हाकल तिला. नाही तर तू कानात सांगितलेलं माझ्या तोंडी येईल."

विठ्ठलरावांची काठी तशीच वर राहिली. मग त्यांनी ती खाली टाकली. ते चळतीपाशी गेले, एक कोरा तुकडा घेतला आणि आपला कोरडा हात त्यावर दाबला. उचलला. काही नाही. पुन्हा दाबला, सगळा भार टाकून दाबला. कापड पांढरंच.

"बाई," ते सत्यभामाबाईंना म्हणाले, "म्हंजे या कापडाले माहं पाप दिसतच नाई?"

"नाही, दादा."

"मंग... ते गेलं बी नाई."

सत्यभामाबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली.

विठ्ठलरावांनी गळ्यातलं कापड सोडलं. त्यांची नजर गर्दीत फिरत राहिली आणि बिजलीबाईवर थांबली. बिजलीबाई म्हणजे तांड्यावरच्या रूपसिंगची बायको. रूपसिंग दोन वर्षांपासून तुरुंगात होता. गावातल्या बाबारावांचा गोठा जाळल्याबद्दल त्याला पाच वर्षांची सजा लागली होती. चार बैल जळून मेले होते त्या आगीत.

"बिजलीबाई," विठ्ठलराव म्हणाले, "गोठा तुह्या मालकानं नाई पेटवला. माह्या बिडीनं पेटला. मी कडब्यापाशी बिडी फेकली अन् निघून गेलतो. रूपसिंग पयत होता तो लोकायले उठवासाठी पयत होता. मी कोर्टात सांगतलं का आग लावून पयला. तांड्यावरचा मानूस म्हटल्यावर पोलिसायनं दुसरं काई विचारलंच नाई."

बाबाराव गर्दीतच होते. ते मटकन खाली बसले.

विठ्ठलराव बिजलीबाईच्या पायाशी वाकले. ती झटकन मागे सरली.

"पाया नोको पडू," ती म्हणाली. रडत नव्हती. "तुह्या पाया पडन्यानं मारो आदमी घरी येते का? माहं लहानं पोरगं बापाले वयखत नाई. ऊठ. दारव्ह्याले चाल. जे इथं बोलला ते तिथं बोल."

"मले माफ..."

"ते मंग पाहू. आधी चाल."

दारव्ह्याची मोटार आजही उभीच होती. बिजलीबाई पुढे, विठ्ठलराव मागे, त्यांच्या मागे मी आणि सत्यभामाबाई. चढताना विठ्ठलरावांनी विचारलं, "बाई, तुमचा देव तरी मले माफ करीन का?"

"मागितलीत तर करील, असा माझा विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण देवाकडे जायची वाट तुरुंगाला वळसा घालून जात नाही, दादा. रूपसिंग आत असताना तुम्ही बाहेर गुडघे टेकलेत, तर ती प्रार्थना नव्हे, पळवाट आहे."

दारव्ह्याच्या ठाण्यात जबाब व्हायला संध्याकाळ झाली. पुढे कागद हलले, वकील झाले, तारखा पडल्या. सात महिन्यांनी रूपसिंग सुटून आला. खोट्या साक्षीबद्दल विठ्ठलरावांना दीड वर्षाची सजा झाली. ती ऐकताना ते कोर्टात स्थिर उभे होते, हे मी स्वतः पाहिलं. सुटून आल्यावर त्यांनी बाबारावांना बैलजोडी दिली. रूपसिंग त्यांच्याशी बोलतो. बिजलीबाई अजून बोलत नाही, आणि तिनं बोलावं असं सांगायचा अधिकार कोणालाही नाही.

तारणबाबांना त्याच दिवशी लोकांनी झग्याला धरून ठेवलं. चांदी ज्याची त्याला परत गेली. कधीकाळी ते एका औषधांच्या दुकानात बाटल्या भरायचे, हे चौकशीत कळलं.

सत्यभामाबाईंचा देव मला अजूनही भेटलेला नाही. त्यांचं आणि माझं त्यावर दर शुक्रवारी भांडण होतं. पण एका गोष्टीवर आमचं दोघांचं एकमत आहे, आणि ती तुम्हाला सांगण्यासाठीच हे लिहिलं. पाण्यानं, राखेनं, दोऱ्यानं किंवा मंत्रानं पाप धुवून देणारा कोणी तुमच्या गावी आला, तर आधी त्याचं पाणी हुंगा, त्याचं कापड तपासा, पळी बुडवून बघा. डोळे आणि अक्कल त्याच कामासाठी आहेत. आणि तरीही त्याची युक्ती सापडली नाही, तर एवढंच विचारा: ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला आज काय मिळालं? उत्तर 'काही नाही' असेल, तर तिथे कोणतंही पाप धुतलं गेलेलं नाही.