नऊ सुधींद्र, तीन कमला

"खूण पण घ्यायची का अप्पा? की नुसतं नाव आणि मेल?" नव्या लॅपटॉपवरची नजर न काढता अनुषाने विचारलं.

"खूण पाहिजेच की," जयतीर्थराव म्हणाले. "खूण काढलीस तर नऊच्या नऊ सुधींद्र एका रांगेत उभे राहतील. कोण कुठला, कळायचं कसं?"

"सरी, ठीक आहे. मग नावालाच जोडून टाकते. आधी नाव, पुढे खूण."

"जोड, जोड."

पुढचं सगळं रामायण या 'जोड, जोड'मधून निघालं. त्या वेळी मात्र जयतीर्थराव पाय पसरून कॉफी पीत होते आणि मुलीच्या हुशारीवर खूश होते.

बंगळुरात कित्येक पिढ्यांपासून मुरलेल्या या मराठी घरांत एक अडचण आहे. मुलग्यांना मठातल्या स्वामींची नावं ठेवायची आणि पुढे सगळ्यांनी राव लावायचा. त्यामुळे एखाद्या मुंजीत "ओ सुधींद्रराव" अशी हाक मारली तर अर्धी पंगत मान वर करते. जयतीर्थरावांनी यावर स्वतःपुरता उपाय काढला होता. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं ते तक्रारींच्या खिडकीवर बसले; तिथे प्रत्येक कागदावर कोपऱ्यात एक खूण करायची सवय लागली ती निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. गेली अठरा वर्षं ते समाजाचं महिन्याचं पत्र मेलने पाठवत. कोण गेलं, कुणाची मुंज आहे, कुणाची मुलगी लग्नाची आहे, आणि शेवटी महिन्याच्या तिथी. दोनशे चौदा पत्ते. यादीत तीन रकाने: नाव, पत्ता आणि खूण. जुन्या कॉम्प्युटरवर ते पत्त्यांचा रकाना तेवढा उचलून मेलमध्ये चिकटवायचे. खुणा घरातच राहायच्या.

आता तो जुना कॉम्प्युटर इतका थकला होता की तो सुरू होईपर्यंत बायकोची, वासंतीबाईंची, पूजा आटपायची. म्हणून अनुषाने नवा आणला. तिने दोन दिवस खपून अकरा हजार जुनी पत्रं इकडे आणली, सगळे पत्ते आणले आणि त्यांचा एक गट करून दिला. "आता चिकटवत बसायचं नाही अप्पा. गटाचं नाव टाकायचं, बटण दाबायचं. झालं."

गुरुवारी सकाळी ती कोरमंगलाला ऑफिसात गेल्यावर जयतीर्थरावांनी गटाचं नाव टाकलं, बटण दाबलं, आणि पराक्रम केल्यासारखी दुसरी कॉफी मागितली.

कॉफी यायच्या आत प्राणेशरावांचा फोन आला. प्राणेशराव म्हणजे त्यांचे शाळेपासूनचे दोस्त.

"जयतीर्था, मी घोरतो हे तुला कुणी सांगितलं रे?"

"कोण म्हणालं?"

"तूच म्हणालास की! दोनशे लोकांना. तुझ्या पत्राच्या डोक्यावर सगळी यादी आलीय. प्राणेश राव, घोरणारा. सुधींद्र राव, टक्कल. सुधींद्र राव, पंगतीत पहिला. सुधींद्र राव, तीन मुली." प्राणेशराव खो खो हसत होते. "अय्यो, हसून हसून पोट दुखालंय बघ."

जयतीर्थरावांच्या तोंडातून शब्द चटकन निघाला. "मुलीनं काहीतरी गोंधळ केला रे. नवा कॉम्प्युटर आहे ना."

"असू दे. सुधींद्रांचं काय, ते हसतील आणि विसरतील." प्राणेशरावांचं हसू थांबलं. "पण कमलाचं तेवढं बरं नाही झालं."

"कमलाचं काय?"

"तूच बघ. मी वाचून दाखवणार नाही."

जयतीर्थरावांनी आपणच पाठवलेलं पत्र उघडलं. बोट सरकवत सरकवत खाली आले. तीन कमला होत्या. कमलाबाई, तुमकूर. कमलाबाई, इंजिनियरांच्या. आणि कमला, टाकलेली.

अठरा वर्षांपूर्वी त्यांनी हा शब्द लिहिला होता. रागाने नाही, मुद्दाम नाही, विचारही न करता. बसवनगुडीत त्यांच्या मागच्याच गल्लीत वाढलेली कमला. तिच्या लग्नात जयतीर्थराव वाढायला होते. आठ महिन्यांत नवरा उत्तरेत नोकरीला म्हणून गेला तो परत आला नाही, आणि त्या दिवसापासून घरोघरी तिचा उल्लेख असाच व्हायचा. भाजी घेताना कुणी 'कुठली कमला' म्हटलं की उत्तर तयार. ते उत्तर त्यांनी रकान्यात उतरवून घेतलं होतं आणि इतक्या वर्षांत ते आपल्या डोळ्याला एकदाही खुपलं नाही, याची त्यांना आता जास्त लाज वाटली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दुपारपर्यंत अकरा फोन आले. अकरा जणांना त्यांनी एकच सांगितलं: मुलीचा गोंधळ. बारावा फोन वाजला तेव्हा वासंतीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"खुणा तुम्हीच लिहिल्यात ना?"

"हो."

"मग पोरीच्या पदराआड कशाला लपता?"

फोन वाजून वाजून बंद झाला.

संध्याकाळी अनुषा आली ती बूटही न काढता त्यांच्यासमोर उभी राहिली. "प्राणेशकाकांचा फोन आला होता मला. म्हणाले, मनाला लावून घेऊ नको बाळा, चुका होतात. माझी कुठली चूक झाली अप्पा?"

जयतीर्थरावांनी लॅपटॉपचं झाकण बंद केलं.

"मी खुणा वाचल्या नव्हत्या. तुमचं खासगी काहीतरी असेल म्हणून वाचल्या नाहीत. कमलाअक्कांनी दहावीला मला गणित शिकवलं. दर रविवारी मल्लेश्वरमहून यायच्या, ह्याच टेबलाशी बसायच्या. कधी बसच्या तिकिटाचे पैसे घेतले नाहीत."

पोटच्या मुलीसमोर मान वर करता येत नाही, हा अनुभव सत्तराव्या वर्षी पहिल्यांदाच येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कमलाबाईंकडे निघाले तेव्हा सवयीप्रमाणे फळं घ्यायला पिशवी शोधू लागले. वासंतीबाईंनी पिशवी हातातून काढून घेतली. "काही घेऊन जाऊ नका. नुसते जा."

मेट्रोने संपिगे रोडला उतरून ते चालत गेले. वाटेत त्यांनी मनात चार वाक्यं जुळवली होती. कमलाबाईंचं घर वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. भिंतीवर फळा, फळ्यावर कुणाचं तरी अर्धवट सोडवलेलं गणित. कमलाबाईंनी दार उघडलं. पासष्टीच्या आसपास, केस पांढरे, साडी नेहमीसारखी कडक इस्त्रीची.

"या अण्णा. बसा. कॉफी टाकते."

"कॉफी नको कमला. मी..." जुळवलेली वाक्यं गेली कुठे कळेना. "नवा कॉम्प्युटर घेतला ना, त्यात मुलीनं ते..." आणि ते थांबले. फळ्याकडे बघून त्यांना रविवारचं टेबल आठवलं. "नाही. मुलीनं नाही. मी लिहिलं होतं. तिला मी जोड म्हणालो, तिने जोडलं. यादीत तीन कमला आहेत, म्हणून खूण केली होती."

"बाकीच्या दोघींच्या खुणा वाचल्या मी," कमलाबाई शांतपणे म्हणाल्या. "एक तुमकूरची. मग मी मल्लेश्वरमची नव्हते का अण्णा?"

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"छत्तीस वर्षं गणित शिकवलं. संसार आठ महिने. त्यातलं तुम्हाला आठ महिन्यांचं तेवढं आठवलं." आवाज जराही चढला नव्हता. चढला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. "लोक काय म्हणतात ते मला माहीत होतं. कान आहेत मला. पण तुम्ही त्यातले नाही, असं धरून चालले होते. म्हणून तर तुमच्या तिथी तपासत होते दर महिन्याला."

हे खरं होतं. पत्र गेलं की तासाभरात कमलाबाईंचं एका ओळीचं उत्तर यायचं. अण्णा, चौदा तारखेला अष्टमी नव्हे, नवमी. बाकी बरोबर. मग जयतीर्थराव दुरुस्ती पाठवायचे आणि समाजात त्यांच्या पंचांगाचं कौतुक व्हायचं.

"आज घरी गेल्या गेल्या खूण पुसतो."

"खूण पुसून काय करायचं? नावच काढा." त्यांनी आत जाऊन कॉफी आणली, वाटीत पेला ठेवून, नीट. "एक विचारू? तुमची खूण काय लिहिलीय?"

"माझं नाव नाही यादीत. यादी माझीच ना."

"होय की," कमलाबाई म्हणाल्या आणि किंचित हसल्या. "प्या. गार होतेय."

त्यांनी कॉफी प्यायली. तळापर्यंत प्यायली. निघताना हात जोडले. सात वर्षांनी लहान कमलाला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले.

घरी येऊन त्यांनी सगळ्यांना दोन ओळी पाठवल्या. खुणा माझ्या होत्या. मुलीची काही चूक नाही, तिचं नाव मी खोटंच पुढे केलं, सर्वांची क्षमा मागतो. मग अनुषाला बोलावून खुणांचा सगळा पसारा काढून टाकायला सांगितलं. नऊ सुधींद्र मुकाट्याने एका रांगेत उभे राहिले.

"आणि कमलाअक्का?" अनुषाने विचारलं.

"ते मी करतो."

कॉम्प्युटरने विचारलं, नक्की काढायचं का? जयतीर्थरावांनी 'हो' दाबलं. दोनशे तेरा उरले. जुनी पत्रं मात्र अनुषाने एकही न हरवता नव्या घरी आणली होती. त्यांत कमलाबाईंची दोनशेच्या वर निघाली, सगळी एकेका ओळीची. 'बाकी बरोबर' हे शब्द नसलेलं त्यांना एकही सापडलं नाही.

पुढच्या महिन्याचं पत्र त्यांनी तीनदा तपासलं. पंचांग शेजारी ठेवून, चष्मा पुसून पुसून. सकाळी दहाला पाठवलं. अकराला सहज म्हणून पुन्हा पंचांग उघडलं, तर तेवीस तारखेला द्वादशी लिहून गेलेली. होती त्रयोदशी.

ते पडद्यासमोर बसून राहिले. प्राणेशरावांचं उत्तर आलं: छान पत्र. एका सुधींद्राचं आलं, नमस्काराची खूण केलेलं. कोणता सुधींद्र ते समजलं नाही. बारा वाजले, एक वाजला. 'बाकी बरोबर' म्हणणारं मात्र आलं नाही.

"जेवायला येताय ना?" वासंतीबाईंनी आतून विचारलं. "दुरुस्ती पाठवायची तर पाठवा आणि या. चूक सापडलीय ना तुम्हाला?"

"सापडलीय," जयतीर्थराव म्हणाले. "थांब थोडं."

ते आणखी अर्धा तास तिथेच बसून राहिले.