आरशात दिसेल असं उभं राहा

समोरून येणाऱ्या कॅरव्हॅनच्या चालकाने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं आणि इकडे गाडी चालवणाऱ्या बायकोशेजारी बसलेल्या मर्वने डाव्या हाताने तिचा दंड ढोसला.

"बोट," तो म्हणाला.

"मला दोन्ही हात स्टिअरिंगवर लागतात," ग्लेनिस म्हणाली. "नरकूर्ट गाव सोडल्यापासून सांगतेय."

"बोट."

समोरची कॅरव्हॅन निघून गेली. मर्वने मान फिरवली आणि तो कुंपणापलीकडच्या मेंढ्यांकडे बघत राहिला. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्याच्याकडे मोजकेच शब्द उरले होते आणि उजवा हात परक्या माणसाचा असल्यासारखा मांडीवर पडलेला असायचा. पण रस्त्यात भेटलेल्या कॅरव्हॅनवाल्याला बोट उचलून उत्तर द्यायचं नाही, म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं, हे त्याचं मत झटक्यालाही बदलता आलं नव्हतं.

"आई, एक बोट उचलायला घाबरतेस," मागच्या सीटवरून त्यांचा मुलगा डॅरन म्हणाला, "आणि म्हणे कॅरव्हॅन मागे घेणार!"

"डॅरन, तू आधी तोंड मागे घे," त्याची बायको लिअ‍ॅन म्हणाली.

ग्लेनिस आरशात बघून हसली, पण हातांची पकड तिने सैल केली नाही; गाडीमागे जोडलेली कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचं अख्खं घर होतं.

पैज डॅरननेच लावली होती. रोब गावी समुद्राकाठच्या कॅरव्हॅन-पार्कात आईने कॅरव्हॅन कुणाच्या मदतीशिवाय मागे घेऊन जागेवर लावली, तर कॅरव्हॅन राहील. नाही जमलं, तर दुसऱ्या दिवशी त्याचा मित्र येऊन ती विकत घेणार. बोलणीही झाली होती. "हे वय आहे का तुमचं रस्त्यावर फिरायचं?" असं तो म्हणायचा, आणि त्याचं अगदीच चुकत होतं असंही नाही. त्याने आईवडिलांसाठी आपल्या घरामागे एक खोली बांधली होती. उबदार, नवी, जिना नसलेली. तिच्या खिडकीतून कुंपणाचे पत्रे दिसायचे. मर्व त्या खिडकीशी बसला की संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहायचा. कॅरव्हॅन जोडायची म्हटलं की मात्र तो कुणी न उठवता उठे आणि एका हाताने डोक्यावर टोपी चढवे. ग्लेनिसने हे पाहिलं होतं. त्या पत्र्यांसमोर ती त्याला मरू देणार नव्हती. शेंडी तुटो की पारंबी.

म्हणून सबंध हिवाळा ती गावच्या रिकाम्या गुरांच्या बाजारात पत्र्याचे ड्रम मांडून शिकली होती. ड्रम पुष्कळ चेपले. पण ड्रम बिचारे काही बोलत नसत.

पार्कातली माणसं बोलतात. दिवस कलला की प्रत्येक कॅरव्हॅनपुढे घडीच्या खुर्च्या मांडल्या जातात, हातात बिअर येते आणि नव्याने येणाऱ्याची गाडी मागे घेताना कशी फजिती होते, हा फुकटचा तमाशा सुरू होतो. उंटावरच्या शहाण्यांचे हे सख्खे भाऊ, फक्त यांच्याकडे उंटाऐवजी खुर्ची असते. ते रोबला पोचले आणि चालकाच्या जागेवरून पांढऱ्या केसांची बाई उतरून जागा बघतेय म्हटल्यावर चार खुर्च्या आपसूक तिकडे वळल्या.

ग्लेनिसने जागा पाहिली. एका बाजूला सुरूचं झाड, दुसऱ्या बाजूला नळाचा खांब. ती परत आत बसली. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की मागची कॅरव्हॅन डावीकडे जाते, एवढं ड्रमांनी शिकवलं होतं. डॅरन आणि लिअ‍ॅन उतरून बाजूला उभे राहिले. पहिल्या वेळेला कॅरव्हॅन नळाकडे गेली. दुसऱ्या वेळेला गाडी आणि कॅरव्हॅन दुमडलेल्या कोपरासारख्या आडव्या झाल्या आणि कुणीतरी खुर्चीतून "अरेरे" म्हणालं.

एक तांबड्या नाकाचा गृहस्थ बिअरसकट उठून आला आणि खिडकीत वाकला.

"बाई, या खाली. मी लावतो चुटकीसरशी."

"तुमची लावलीत ना तुम्ही?"

"हो, मघाशीच."

"मग तिच्यापुढे जाऊन बसा."

खुर्च्यांमध्ये हशा पिकला. गृहस्थ परत गेला, पण डॅरन पुढे झाला. "आई, पुरे. लोक बघतायत."

"बघू देत. तिकीट नाहीये."

"हट्ट सोड गं. एखादा खांब पाडशील."

ग्लेनिसचे कान लाल झाले होते. गाडी पुढे घ्यायला तिने गिअर टाकला, तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. मर्व काठी टेकत खाली उतरत होता. डॅरन त्याला धरायला धावला.

"हात लावू नकोस त्याला!" ती आतून ओरडली.

मर्व पाय ओढत, कॅरव्हॅनच्या कडेकडेने मागे गेला आणि दिसेनासा झाला. ग्लेनिस थांबली. डावा आरसा रिकामा, उजवा आरसा रिकामा. इतक्या वर्षांत हा माणूस एकदाही कॅरव्हॅनच्या मागे उभा राहिला नव्हता. तो स्टिअरिंगवर आणि ती मागे हात हलवत, पावसात, धुळीत, त्याची बोलणी खात, असंच चाललं होतं. आता तो बरोबर मधोमध जाऊन उभा होता, नवखी माणसं हमखास उभी राहतात तिथेच. ग्लेनिसने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या पार्काला ऐकू जाईल अशा आवाजात ती तेव्हाचं त्याचंच वाक्य ओरडली.

"माझा आरसा तुला दिसत नसेल, तर तू मला दिसत नाहीस, गाढवा!"

मग मागून एक खरखरीत आवाज आला. तो हसण्याचा आहे हे ओळखायला डॅरनला वेळ लागला. वडिलांना हसताना त्याने वर्षभर ऐकलं नव्हतं.

मर्व आरशात आला. सुरूच्या झाडाला पाठ टेकून तो उभा राहिला आणि मोकळी झालेली काठी त्याने उचलली. काठी डावीकडे. ग्लेनिसने स्टिअरिंग फिरवलं. काठी किंचित उजवीकडे. हळूहळू कॅरव्हॅन वळली, नळ सुटला, झाड सुटलं. काठी उभी राहिली. तिने ब्रेक दाबला.

तांबड्या नाकाच्या गृहस्थाने सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. लिअ‍ॅनने बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. डॅरन खिशात हात घालून कॅरव्हॅनभोवती एक फेरी मारून आला.

"कुणाच्या मदतीशिवाय, असं ठरलं होतं," तो म्हणाला.

"चाळीस वर्षं मी याच्या मागे उभी होते," ग्लेनिस म्हणाली. "तेव्हा तुझा बाप एकट्याने लावतो असंच म्हणायचास ना?"

डॅरनने खिशातले हात बाहेर काढले.

"वाकडी," झाडापाशी मर्व म्हणाला.

सगळ्यांनी बघितलं. वाकडी होतीच, एखादी वीतभर.

"बाबा, काय हे!" डॅरन म्हणाला. "लावली ना तिने! राहू दे आता."

"हो ग्लेनिस, राहू द्या," लिअ‍ॅन म्हणाली. "मी चहा टाकते."

पूर्वी असं 'वाकडी' ऐकलं की ग्लेनिस मागे उभी राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आता तिने दार लावून घेतलं.

"टाक चहा. तोवर सरळ करते. आणि डॅरन, तुझ्या मित्राला कळव, येऊ नकोस म्हणावं. नाहीतर येऊ दे त्याला, बघायला."

तिने गाडी पुढे रस्त्यावर घेतली. खुर्च्यांमधलं कुणीही उठलं नव्हतं. डाव्या आरशात मर्व झाडाला टेकलेला होता, अगदी दिसेल असा. काठी त्याने काखेत धरली होती. त्याने डावा हात वर केला आणि एक बोट उचललं.

ग्लेनिसने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं आणि गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.